अण्णांच्या लघवीत अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) निघालंय. रक्तातल्या फॅटी ॲसिडचा आणि किडनीचा संबंध नक्की काय?

शिवाजीपेठकर · सोमवार, रात्री ९.४७

मंडळी, चार दिवस झाले, नीट झोप नाही. म्हणून इथं विचारतोय.

अण्णा (वडील) ६१ वर्षांचे, साखर कारखान्यातून निवृत्त. डायबेटिसला १४ वर्षं झाली. दर तीन महिन्यांनी रक्त द्यायचं, रिपोर्ट फाईलला लावायचा, डॉक्टर गोळ्या लिहून देणार, असं सगळं सुरळीत चाललं होतं. क्रिएटिनिन (किडनीनं रक्तातून बाहेर टाकायचा कचरा) कायम १ च्या आसपास. त्यामुळं "किडनी ठणठणीत आहे" हे वाक्य घरात इतक्यांदा ऐकलंय की त्यावर कधी विचारच केला नाही. गेल्या महिन्यात नेहमीचे डॉक्टर बाहेरगावी होते म्हणून दुसऱ्यांकडं दाखवलं. त्यांनी सगळी फाईल चाळली आणि विचारलं, "लघवीतलं अल्ब्युमिन कधी तपासलंय?" मी आणि अण्णा एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसलो. चौदा वर्षांत एकदाही नाही.

आता रिपोर्ट असा आहे: एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.४, ट्रायग्लिसराईड २८६, एचडीएल ३४, एलडीएल ९२, क्रिएटिनिन १.१, ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज) ७६, बीपी १४६/८८. आणि लघवीत अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, म्हणजे एसीआर, १४२. हवा ३० च्या आत.

डॉक्टर म्हणाले, "साखर आणि बीपी तर आहेच, पण रक्तातली फॅटी ॲसिडही किडनीला त्रास देतात. ट्रायग्लिसराईड खाली आणा." बाहेर वीस पेशंट ताटकळत होते, त्यामुळं पुढं विचारता आलं नाही. घरी आल्यावर जो तो आपलं सांगायला लागला. आत्यानं जवसाचं तेल पाठवलं. मेव्हण्यानं फिश ऑइलच्या कॅप्सूलचे तीन डबे आणून ठेवले. आईनं तुपाची बरणी माळ्यावर टाकली. अण्णा दोन दिवस नीट जेवलेले नाहीत. म्हणतात, "सगळंच विष असेल तर खायचं तरी काय?"

मला एवढंच समजून घ्यायचं आहे: फॅटी ॲसिड म्हणजे आपण खातो ते तेल-तूपच का? आणि त्याचा किडनीशी संबंध कसा लागतो?

---

उत्तरेश्वरकर · सोमवार, रात्री १०.१५

दादा, आधी धीर धरा. ईजीएफआर ७६ आणि एसीआर १४२ म्हणजे फार लवकर सापडलंय. आमच्या मोठ्या मेव्हण्यांचं पाय सुजल्यावर कळलं, तेव्हा ईजीएफआर १९ होता. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस. त्यांचंही क्रिएटिनिन आधी नॉर्मलच होतं. कुणी लघवी बघितलीच नाही. तुमच्या नव्या डॉक्टरांनी बघितली, हे तुमचं नशीब.

---

लॅबवाली_ताई · सोमवार, रात्री ११.०२

मी गेली सतरा वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. माझ्या बाजूचं सांगते.

पहिलं म्हणजे, लिपिड प्रोफाईल असा जो रिपोर्ट तुमच्याकडे आहे त्यात फॅटी ॲसिड मोजलेली नसतात. कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराईड, एचडीएल, एलडीएल एवढंच असतं. रक्तात कुठलं फॅटी ॲसिड किती, हे बघायला गॅस क्रोमॅटोग्राफी लागते. ती महाग आहे, नमुना बाहेर पाठवावा लागतो, आणि रिपोर्ट आल्यावर उपचार बदलतील असंही नाही. कुणी तुम्हाला ती टेस्ट करायला सांगितली तर आधी त्यांना विचारा की रिपोर्ट बघून काय बदलणार आहात. ट्रायग्लिसराईड मात्र नीट बघा, कारण ते म्हणजे तीन फॅटी ॲसिड एका ग्लिसरॉलला बांधलेली जुडी.

काल सकाळचीच गोष्ट. चाळिशीतला माणूस, साखर साडेतीनशेच्या वर. नळी सेंट्रिफ्यूजमधून काढली की खाली लाल पेशी आणि वर पिवळसर, आरपार दिसणारं सीरम यायला हवं. याच्या नळीत वर चक्क पांढरा रस्सा. नळीमागे बोट धरलं तर दिसेना. ट्रायग्लिसराईड हजाराच्या वर निघालं. पाचशेच्या वर गेलं की स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते, म्हणून आम्ही रिपोर्टची वाट न बघता डॉक्टरांना फोन करतो. तुमच्या अण्णांचं २८६ आहे. घाबरण्यासारखं नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही.

दुसरं, एसीआर एकदा जास्त आला म्हणून लगेच शिक्का मारायचा नसतो. तीन ते सहा महिन्यांत तीन नमुने, त्यातले दोन जास्त आले तर खरं. नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा. ताप, लघवीचा संसर्ग, साखर खूप वाढलेली असणं किंवा आदल्या दिवशी जोरदार व्यायाम, यांनीही आकडा वाढतो. अण्णा काही व्यायाम करतात का?

---

शिवाजीपेठकर · मंगळवार, सकाळी ७.३०

ताई, हे कुणीच विचारलं नव्हतं. अण्णा रोज पहाटे तालमीत जातात. आता कुस्ती नाही, पण पोरांना शिकवताना स्वतः जोर-बैठका मारतात. नमुना दिला त्या दिवशीही तालमीतून थेट लॅबमध्ये गेले होते! दुपारची साडेअकरा झाली असेल. म्हणजे आकडा चुकीचा असू शकतो?

---

लॅबवाली_ताई · मंगळवार, सकाळी ७.५५

थोडा फुगलेला असू शकतो. पण १४ वर्षांचा डायबेटिस आणि १४६ बीपी बघता तो आकडा निव्वळ व्यायामाचा असेल अशी आशा धरून बसू नका. दोन दिवस तालीम बंद, तिसऱ्या दिवशी उठल्याबरोबर पहिली लघवी बाटलीत. तेव्हा कळेल.

---

सागरमाळ_मास्तर · मंगळवार, दुपारी २.४०

बीएस्सीच्या मुलांना जीवरसायन शिकवतो. तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर थोडं लांब आहे.

रक्तातली फॅटी ॲसिड बहुतेक बांधलेली असतात. ताई म्हणाल्या तशी जुडीत, नाहीतर पेशींच्या आवरणाच्या घटकांत. थोडी मात्र मोकळी फिरतात. उपाशी असताना पोटाच्या, मांड्यांच्या चरबीतून ती सुटतात आणि हृदयाला, स्नायूंना, किडनीला इंधन पुरवतात. ही सुटका आवरून धरण्याचं काम इन्सुलिनचं. डायबेटिसमध्ये इन्सुलिनचा हात सैल पडला की चरबी दिवसरात्र सुटत राहते. म्हणजे अण्णांच्या रक्तातली मोकळी फॅटी ॲसिड कालच्या रश्श्यातून आलेली नाहीत, त्यांच्या स्वतःच्या चरबीतून आलेली आहेत. साखर ताब्यात आली, पोट कमी झालं की हीसुद्धा कमी होतात.

आता किडनीकडे येऊ. मोकळी फॅटी ॲसिड पाण्यात विरघळत नाहीत, त्यामुळे ती अल्ब्युमिनवर बसून प्रवास करतात. आपल्याकडे गळीत हंगामात ऊस ट्रॉलीतून जातो ना, तसं. ट्रॉली हमरस्त्यावरून जावी, कारखान्यात रिकामी व्हावी. किडनीच्या गाळणीचं काम ट्रॉलीला गल्लीत न शिरू देण्याचं. निरोगी गाळणी दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळते, पण अल्ब्युमिन जवळपास सगळं मागेच ठेवते. साखरेनं आणि दाबानं गाळणी खराब झाली की ट्रॉल्या गल्लीत घुसतात. गल्लीतल्या घरांनी, म्हणजे गाळणीपुढच्या बारीक नळीच्या (नलिकेच्या) पेशींनी, त्या आत ओढून घ्यायच्या असतात. अल्ब्युमिन आत येतं आणि त्याच्यासोबत फॅटी ॲसिडचा ऊसही.

इथं एक गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट आहे. नलिकेच्या या पेशी मुळात फॅटी ॲसिड जाळूनच जगतात. साखरेपेक्षा तेच त्यांचं मुख्य इंधन. पण आजारी किडनीत ती जाळण्याची भट्टीच मंदावते. आत माल येतोय, भट्टी थंड, म्हणून पेशीत चरबीचे थेंब साठतात, दाह होतो, हळूहळू तिथं वळ पडल्यासारखे तंतू तयार होतात. तेच किडनीचं आकसणं.

तेव्हा एसीआर १४२ हा नुसता बिघाड कळवणारा आकडा आहे असं समजू नका. गळणारं अल्ब्युमिन स्वतःही नुकसान वाढवतं. म्हणून ते कमी करणं हाच उपचार.

सगळी फॅटी ॲसिड सारखी नाहीत. प्रयोगशाळेत गाळणीच्या पेशींवर पामिटिक ॲसिड टाकलं तर त्या मरतात. सोबत ओलेइक टाकलं तर बऱ्याच वाचतात. पामिटिक पामतेलात, तुपात भरपूर. ओलेइक शेंगतेलात भरपूर. पण यावरून "तूप बंद, शेंगतेल सुरू, किडनी वाचली" असा निष्कर्ष काढू नका. रक्तातलं पामिटिक फक्त तुपातून येत नाही. जास्तीची साखर, गूळ, भात, मैदा आपलं यकृत चरबीत बदलतं, आणि त्यातून जी पहिली मोठी वस्तू तयार होते ती पामिटिक ॲसिडच.

अण्णा गोड किती खातात?

---

शिवाजीपेठकर · मंगळवार, रात्री ८.५०

मास्तर, तुमचा मजकूर आईला वाचून दाखवला. "यकृत गुळाची चरबी करतं" इथं आली आणि आई म्हणाली, "थांब जरा." उठून स्वयंपाकघरात गेली आणि फडताळातून काकवीची बरणी काढून माझ्यासमोर ठेवली. अर्धा किलोची बरणी, तळाशी दोन बोटं उरलेली. अण्णा रोज सकाळी भाकरीबरोबर खातात. साखर सोडली त्या वर्षापासून! कुणीतरी सांगितलं होतं की काकवी नैसर्गिक, रसायन नसलेली, डायबेटिसला चालते. कुणी डॉक्टरांना सांगितलंच नाही, कारण डॉक्टर विचारायचे "साखर खाता का?" आणि अण्णा खरंच म्हणायचे, "नाही."

आईला विचारलं, तेल किती जातं? म्हणाली, "मी तर हात आखडूनच सोडतो." मग महिन्याचं किराणा बिल काढलं. घरात चौघं. पाच लिटरचा डबा पंचवीस दिवसांत संपतोय.

---

शेंगतेल_घाणा · मंगळवार, रात्री १०.२०

माझा लाकडी घाणा आहे, त्यामुळं तेलाचं जरा सांगतो.

आमच्याकडं येणारी अर्धी माणसं विचारतात, "डायबेटिसला चालेल का?" मी सांगतो, तेल चांगलं आहे, पण तेल हे तेलच. घाण्याचं असो की रिफाइंड, एका ग्रॅमला ९ कॅलरी. शेंगतेलात साधारण निम्मं ओलेइक, तिसरा हिस्सा लिनोलेइक (ओमेगा-६ फॅटी ॲसिड). करडईच्या तेलात लिनोलेइक तीन चतुर्थांशापर्यंत. खोबरेल तेल जवळजवळ ९० टक्के संपृक्त. जवसात अल्फा-लिनोलेनिक, म्हणजे झाडाकडचं ओमेगा-३, निम्म्याच्या आसपास. पण जवसाचं तेल तापवायचं नाही आणि उघडं ठेवायचं नाही, लगेच खवट होतं. आत्यांनी पाठवलेली बाटली कधीची आहे ते बघा. त्यापेक्षा जवस भाजून चटणी करा, जुनी सवय आहे आपली.

मुद्दा प्रमाणाचा. माणशी दिवसाला २०-२५ ग्रॅम धरा, चौघांना महिन्याला तीन किलोच्या आत बसतं. तुमचं पाच लिटर म्हणजे साडेचार किलोच्या वर. मिसळीवरचा कट, रश्श्यावरची तर्री, रविवारची भजी हे सगळं त्यातच आलं.

आणि तळणीचं उरलेलं तेल परत परत वापरू नका. सरकारचा नियमच आहे, हॉटेलातल्या तेलात पोलर घटक (तेल तापून बिघडल्यावर तयार होणारे) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते टाकायचं. वनस्पतीतल्या ट्रान्स फॅटवरही २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आली. पण घरच्या कढईवर लक्ष ठेवणारं आपल्याशिवाय कुणी नाही.

---

पन्हाळ्याचा_गडी · बुधवार, सकाळी ६.४०

मास्तरांचा मान ठेवून बोलतो. आमचा आजा म्हशीचं लोणी खाऊन ८८ वर्षं जगला. कुस्तीच्या खुराकात तूप-बदाम नाही तर काय? प्रत्येक वेळी तुपालाच का झोडपायचं?

---

सागरमाळ_मास्तर · बुधवार, सकाळी ९.१०

दादा, तुमच्या आजोबांबद्दल आदर आहे. ते दिवसभर शेतात राबायचे, त्यांना डायबेटिस नव्हता आणि त्यांच्या गाळणीत भोक नव्हतं. अण्णांना तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. मी तूप विष आहे असं म्हटलेलं नाही. भाकरीवर एक चमचा तूप आणि रोजची वाटीभर काकवी यांत निवड करायची झाली, तर मी आधी काकवी काढीन. वहिनींनी तुपाची बरणी माळ्यावर टाकून काकवी फडताळात ठेवली, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

आणखी एक. आजारी किडनी स्वतःही रक्तातली चरबी बिघडवते. खूप प्रथिनं गळायला लागली की यकृत जास्त चरबी रक्तात सोडतं. त्यामुळे "ज्यांच्या रक्तात अमुक फॅटी ॲसिड जास्त त्यांची किडनी खराब" असं वाचलं की लगेच अमुकला दोषी धरता येत नाही. आधी कोण बिघडलं हे अशा पाहणीतून कळत नाही.

---

मालवणची_सून · बुधवार, दुपारी १.३०

फिश ऑइलबद्दल लिहिते, कारण आमच्याही घरात हा खर्च दोन वर्षं झाला.

मी माहेरची मालवणची, सासर राजारामपुरीत. आई म्हणायची बांगडा-तारली खाणाऱ्याला काही होत नाही. २०२३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १२ देशांतल्या १९ पाहण्या एकत्र करून २५,५७० माणसांचा हिशेब आला. रक्तात माशाकडचं ओमेगा-३ सगळ्यात जास्त असलेल्यांना दीर्घ किडनी आजाराचा धोका सगळ्यात कमी असलेल्यांपेक्षा १३ टक्क्यांनी कमी दिसला. जवसाकडच्या ओमेगा-३ चा मात्र तसा संबंध दिसला नाही. आपलं शरीर जवसातल्याचं माशातल्यात फार थोडं रूपांतर करतं, हे त्याचं एक कारण असावं.

हे वाचून मी खूश झाले आणि यजमानांना कॅप्सूल चालू केल्या. मग डॉक्टरांनी दुसरा अभ्यास सांगितला. २०१९ चा, अमेरिकेतला. टाईप २ डायबेटिस असलेल्या १,३१२ जणांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून ५ वर्षं रोज १ ग्रॅम ओमेगा-३ किंवा नकली कॅप्सूल दिली. ईजीएफआर उतरण्यात काही फरक पडला नाही. म्हणजे मासे खाणारी माणसं बरी राहतात हे खरं, पण त्यांच्या ताटातलं बाकीचंही वेगळं असतं. एकटी कॅप्सूल ते काम करत नाही.

आणि डब्याच्या मागचं बारीक छापलेलं वाचा. १००० मिलिग्रॅम लिहिलेल्या साध्या कॅप्सूलमध्ये ईपीए १८० आणि डीएचए १२० (माशाकडची दोन ओमेगा-३) असतं बहुतेक वेळा, मिळून ३०० च. ट्रायग्लिसराईड फार जास्त असेल तर डॉक्टर ४ ग्रॅमचा वेगळा डोस देतात, तो औषध म्हणून, आणि त्यात हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका बघावा लागतो. मेव्हण्यांनी प्रेमानं आणलेत, पण तीन डबे परत करता आले तर करा. त्या पैशात गगनबावड्याच्या घाटातून येणारा ताजा बांगडा आठवड्यातून दोनदा आणा. तळायचा नाही. तिरफळ घालून, कमी खोबऱ्याचं तिखलं करा.

---

निवृत्त_कंडक्टर · बुधवार, रात्री ९.००

मी किडनीच्या आजाराचा स्टेज ४ चा पेशंट. ईजीएफआर २२. मला एवढंच सांगायचं आहे की इथलं सगळं सगळ्यांना लागू नाही. अण्णांना पालेभाज्या, केळी, शहाळं आज चालेल. मला पोटॅशियम वाढतं म्हणून बंद. बीपीच्या काही गोळ्यांनीही पोटॅशियम वाढतं. कुणी तुम्हाला डायलिसिसवाल्याचा आहार पाठवला तर तो अण्णांवर लादू नका. माझ्या घरच्यांनी पहिल्या वर्षी डाळ बंद केली होती, मी वाळून गेलो. नंतर आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं की वजनाच्या किलोला ०.८ ग्रॅम प्रथिनं हवीतच.

माझं नुकसान कशानं झालं ते सांगतो. गुडघे दुखायचे. ड्युटीवर उभं राहावं लागायचं. स्टँडसमोरच्या एका दुकानातून चिठ्ठीशिवाय दुखण्याची गोळी घ्यायचो, दिवसाला दोन, जवळपास सहा वर्षं. साखरेनं अर्धं केलं, त्या गोळ्यांनी उरलेलं. अण्णा तालमीतले आहेत, अंग दुखतं म्हणून ते काही घेत असतील तर आजच विचारा. आणि कुठला काढा, भस्म चालू असेल तर तेही.

---

शिवाजीपेठकर · बुधवार, रात्री ९.४०

काका, विचारलं. "कधीतरी घेतो" म्हणाले. पँटच्या खिशात अर्धी स्ट्रिप सापडली. काढून टाकली. तुमचे उपकार कसे मानू?

---

लॅबवाली_ताई · गुरुवार, सकाळी ८.१०

औषधांचं डॉक्टर ठरवतील, पण काय विचारायचं ते सांगते. बीपीची सार्टन गटातली गोळी पुरेशा डोसमध्ये आहे का, हे विचारा. अल्ब्युमिन गळणं ती कमी करते, हे २००१ पासून सिद्ध झालंय. दुसरं, लघवीवाटे साखर बाहेर टाकणारं एसजीएलटी-२ गटातलं औषध (डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन) द्यायचं का? २०२० च्या मोठ्या अभ्यासात डापाग्लिफ्लोझिननं ईजीएफआर निम्म्यावर येणं, किडनी निकामी होणं आणि किडनी-हृदयामुळे होणारे मृत्यू हे सगळं मिळून ३९ टक्क्यांनी कमी केलं. भारतात त्याचं पेटंट संपलंय, त्यामुळे आता ते परवडतं. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, तीही विचारा. ती किडनीसाठी नाही, हृदयासाठी. अशा पेशंटना आधी धोका हृदयाचाच असतो.

सार्टन आणि एसजीएलटी-२ ची औषधं सुरू केल्यावर दोन-तीन आठवड्यांत क्रिएटिनिन थोडं वर जातं. आमच्याकडे रिपोर्ट घ्यायला आलेली माणसं तिथंच रडवेली होतात आणि गोळ्या बंद करून टाकतात. गाळणीवरचा दाब उतरल्यामुळे तसं होतं. थोडं वाढलं तर थांबवू नका, डॉक्टरांना दाखवा. ट्रायग्लिसराईडसाठी फेनोफायब्रेट दिलं तरी क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं, ते औषध बंद केल्यावर खाली येतं. मात्र उलट्या-जुलाब, कडक उपास किंवा ऑपरेशन असेल तेव्हा एसजीएलटी-२ ची गोळी थांबवायची असते, ते डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

---

शिवाजीपेठकर · साडेतीन महिन्यांनंतर, शनिवार, सायंकाळी ६.२०

मंडळी, धागा वर काढतोय. तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, तर पुढं काय झालं हे सांगायलाच हवं.

तालीम दोन दिवस बंद ठेवून पहाटेचा नमुना दिला, तर एसीआर ११८ आला. म्हणजे व्यायामानं थोडा फुगला होता, पण आजार खराच होता. डॉक्टरांनी बीपीची गोळी वाढवली, डापाग्लिफ्लोझिन आणि स्टॅटिन सुरू केलं. तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन १.१ वरून १.२, ईजीएफआर ७६ वरून ६९. ताईंनी आधी सांगितलं नसतं तर मी त्या दिवशी गोळ्या नदीत टाकल्या असत्या. डॉक्टरांनी बघितलं, म्हणाले चालू ठेवा. तिथंच थांबलंय ते.

घरात बदल थोडेच केले. काकवी बंद. पहिले आठ दिवस अण्णा भाकरीकडं बघायचेही नाहीत. आईनं मग जवस-लसणाची चटणी आणि दही द्यायला सुरुवात केली. महिन्याच्या पहिल्या तारखेला तीन लिटर तेल वेगळ्या बाटल्यांत भरून आई त्यावर खूण करते. संपलं तर संपलं. पहिल्या महिन्यात २६ तारखेला संपलं. चार दिवस पाण्याच्या फोडणीवर काढले. दुसऱ्या महिन्यात उरलं. रविवारचा रस्सा होतो, पण मटण शिजल्यावर वरचा तवंग आई पळीनं काढते. बांगडा आठवड्यातून दोनदा. तूप खाली आलंय माळ्यावरून, एक चमचा. मीठ मात्र अवघड जातंय. खर्डा, लोणचं, पापड हे सगळं मीठच आहे हे आत्ता कळलं.

परवाचा रिपोर्ट: एचबीएवनसी ७.३, ट्रायग्लिसराईड १७१, बीपी १२८/७८, एसीआर ७४. यातलं किती औषधाचं, किती काकवीचं आणि किती तेलाचं हे मला वेगळं काढता येणार नाही. डॉक्टर म्हणाले तेही सांगू शकत नाहीत, सगळं एकत्रच चालू ठेवा.

अजून एक. अण्णांच्या कारखान्यातल्या जुन्या मंडळींचा कट्टा रोज संध्याकाळी रंकाळ्यावर जमतो. अकरा जण, त्यातले सात डायबेटिसचे. अण्णांनी सगळ्यांना एसीआर विचारला. फक्त एकाची झाली होती. गेल्या पंधरवड्यात बाकी सहाही जणांनी केली. दोघांची जास्त निघाली. त्यातल्या एकाला अण्णा स्वतः रिक्षातून डॉक्टरांकडं घेऊन गेले.

---

उत्तरेश्वरकर · शनिवार, सायंकाळी ६.५५

वाचून डोळ्यांत पाणी आलं दादा. मेव्हण्यांना वाचून दाखवतो.

---

निवृत्त_कंडक्टर · शनिवार, रात्री ८.१०

त्या दोघांना दुखण्याच्या गोळ्यांचं विचारलं का?

---

शिवाजीपेठकर · शनिवार, रात्री ८.३०

हो काका. एकजण घेत होते. अण्णांनी तुमचंच उदाहरण सांगितलं, नाव न घेता.

---

लॅबवाली_ताई · शनिवार, रात्री ९.०५

अण्णांचा पुढचा नमुना कधी?

---

शिवाजीपेठकर · शनिवार, रात्री ९.१२

डॉक्टरांनी तीन महिन्यांनी सांगितलाय. पण त्या दुसऱ्या काकांचा परत करायचा आहे, तो सोमवारी सकाळी घेऊन येतोय. तेही तालमीतलेच. आज आणि उद्या दोघांनाही घरी बसवून ठेवलंय.